नाण्यावरचे महालनोबिस आणि आपला हिशोब

शेगावात आमच्या बचत गटाची मीटिंग होती. हप्ते मोजताना एकीने विचारलं, "ताई, ह्या पाचाच्या नाण्यावर कोण हो?" चष्मा लावून बघितलं, तर प्रशांतचंद्र महालनोबिस! २९ जून २०१८ ला, त्यांच्या १२५व्या जयंतीला, सरकारने सव्वाशे रुपयांचं स्मारक नाणं आणि चलनातलं हे पाचाचं नाणं काढलं.

"मोठे गणिती" एवढ्याने बायकांचं समाधान होईना. मग म्हटलं, आपण शितावरून भाताची परीक्षा करतो ना? तशी थोडी घरं नीट निवडून अख्ख्या देशाचा अंदाज बांधायची रीत त्यांनी इथे रुजवली. त्यातूनच १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली.

अशाच पाहणीने पुढे आपला दिवसही मोजला. २०१९ मध्ये घरकाम करणारी बाई त्यात रोज २९९ मिनिटं घालवत होती, पुरुष ९७. २०२४ मध्ये आकडे आले २८९ आणि ८८. आपली दहा मिनिटं वाचली खरी. पण पुरुषांनीही नऊ वाचवली! म्हणजे वाटणी तिथल्या तिथेच.

आणि चूक एकट्या पुरुषांची नाही. दारात पाहणीवाला आला की आपणच सांगतो, "मी काही करत नाही, घरीच असते." आमच्या खारपाणपट्ट्यात गोडं पाणी भरणं, रांधणं, धुणंभांडी, हे 'काही नाही'?

मैत्रिणींनो, पुढच्या वेळी नीट सांगा. शितच खोटं बोललं, तर भात कसा कळणार?