कानातला तानपुरा पत्र्याचा का होतो?

मित्रांनो, या आठवड्यात आठवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. ती संगणकावरून गाण्याच्या क्लासला बसते, दादाचे वायरलेस इअरबड्स कानात घालून. ती लिहिते, ‘एरवी त्यात गाणी झकास ऐकू येतात. पण क्लास सुरू झाला, की बाईंचा तानपुरा पत्र्याच्या डब्यात वाजल्यासारखा लागतो. बाई म्हणतात, तुझाही आवाज दबका येतो. माझा गळाच गाण्याचा नाही का? क्लास सोडू का?’

अगं, थांब थांब! तुझ्या गळ्याला कशाला दोष देतेस? आधी एक प्रयोग कर. (तुम्हीही करा बरं का!) इअरबड्स घालून संगणकावर एखादं गाणं लावा. ते चालू असतानाच आवाज रेकॉर्ड करायचा प्रोग्रॅम उघडा आणि इअरबड्सचाच माइक निवडून रेकॉर्डिंग सुरू करा. काय झालं? गाणं एकदम जुन्या टेलिफोनवरून आल्यासारखं झालं ना?

ब्लूटूथची वाट म्हणजे एक अरुंद बोळ समजा. फक्त गाणं ऐकायचं असतं, तेव्हा सगळा बोळ एकाच दिशेला मोकळा. भरलेली बैलगाडीसुद्धा आरामात जाते. पण इअरबड्सचा माइक चालू झाला, की समोरून तुमचा आवाजही यायला लागतो. मग दोन्हीकडून सायकलीच जाणार! गाण्याच्या सीडीत दर सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने घेतलेले असतात. ब्लूटूथवर बोलताना साधारण ८,००० किंवा १६,००० वरच भागवतात. बोलणं त्यात समजतं, पण तानपुऱ्याच्या तारांमधून निघणारे बारीक, उंच स्वर गळून पडतात. तुझ्या आवाजाचंही तेच होतं.

उपाय अगदी सोपा आहे. ऐकायला इअरबड्स, बोलायला लॅपटॉपचा माइक! विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग सिस्टीम, मग साउंड उघडा. ‘आउटपुट’ला इअरबड्स राहू द्या, ‘इनपुट’ला लॅपटॉपचा माइक निवडा. क्लासच्या प्रोग्रॅममध्येही तोच माइक निवडायला विसरू नका. बहुतेकांचं घोडं तिथंच अडतं. मग लॅपटॉपजवळ बसा आणि पंखा बंद करा. आणि प्रोग्रॅममध्ये मागचा गोंगाट कमी करण्याची सोय असेल, तर तीही बंद करा. सतत वाजणारा तानपुरा तिला गोंगाटच वाटतो, बिचारीला!

इअरबड्स संगणकाला जोडलेच जात नसतील, तर आधी घरातले फोन तपासा. दादाच्या खिशातल्या फोननं ते पळवले असतील! त्या फोनचं ब्लूटूथ थोडा वेळ बंद करून पाहा.

आणि मैत्रिणी, तबल्याबरोबर गायचं असेल त्या दिवशी मात्र वायरचा हेडफोनच घे. ब्लूटूथवरून आवाज कानापर्यंत पोचायला किंचित उशीर लागतो, आणि तेवढ्यात सम निघून जाते. सध्या कुठला राग चाललाय, ते पुढच्या पत्रात कळव हं!