मलबार हिलचा खून आणि प्रेमाची सबब

१२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळी मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या धनाढ्य मेमन व्यापाऱ्याचा त्याच्याच मोटारीपाशी गोळ्या घालून खून झाला आणि त्याच्यासोबत असलेल्या मुमताज बेगमेच्या चेहऱ्यावर शस्त्राचे वार झाले, या गोष्टीला शतक उलटून गेले. तरी आमच्या कळंबात, मांजरेकाठच्या या तालुक्याच्या गावी, जुन्या गोष्टींत रमणारी चार माणसे एकत्र बसली की ही कथा अजूनही निघते, आणि निघते ती नेहमी एकाच साच्यातून. इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर एका नर्तकीवर लुब्ध झाले, ती कृतघ्नपणे दुसऱ्याच्या आश्रयाला गेली, धन्याचा विरह न पाहवलेल्या इमानी चाकरांनी अविचार केला, आणि टपून बसलेल्या इंग्रजाने तेवढे निमित्त साधून एका मराठी राजाला गादीवरून उतरविले, असा तो साचा आहे. पूर्वपक्ष एवढाच आहे. आणि तो सांगणारी माणसे दुष्ट नाहीत, अहिल्याबाईंच्या घराण्याविषयीची त्यांची ममता खरी आहे, हे प्रथमच मान्य करतो. परंतु ममता हा पुरावा नव्हे.

आधी या प्रेमाचीच झडती घेऊ. मुमताज ही अमृतसरकडच्या गाणे-नाचणे हाच पिढीजात व्यवसाय असलेल्या घरातली. अल्पवयात ती इंदूर दरबारी आली आणि सुमारे दहा वर्षे तेथे राहिली. तिच्या त्या वास्तव्याविषयी आपणांस जे ठाऊक आहे त्यातला मोठा भाग तिने स्वतः दिलेल्या जबानीतून आलेला आहे, आणि त्या जबानीत अनुरागाचा गंध शोधूनही सापडत नाही. सापडतात ते पहारे, पाळत आणि एका नवजात मुलीच्या मृत्यूविषयीचा तिचा भयंकर आरोप, की ते मूल आपोआप गेले नाही, परिचारिकांनी मारले. हा आरोप कोणत्याही न्यायासनापुढे तडीस लागला नाही, म्हणून तो सिद्ध धरता येत नाही. पण ज्या स्त्रीने तो शपथेवर केला ती कोणत्या घरातून बाहेर पडू पाहत होती, हे त्यावरून पुरेसे कळते. लवाजम्यासह मसुरीकडे नेत असताना दिल्लीच्या स्थानकावर तिने पुढे जाण्याचे साफ नाकारले. प्रेयसी रुसते आणि प्रियकर तिची मनधरणी करतो, हा काव्याचा शिरस्ता आहे. येथे तिच्या मागावर माणसे सुटली, अमृतसरपासून मुंबईपर्यंत तिला परत नेण्याचे प्रयत्न झाले, आणि ती बावलाच्या घरी राहू लागल्यावर त्यालाही धमक्या येऊ लागल्या.

त्या रात्रीचा हल्ला मुळात बावलाला ठार मारण्यासाठी नव्हता, तर मुमताजला मोटारीतून ओढून पळविण्यासाठी होता, ही गोष्ट रसिक कथाकार सोयीने गाळतात. बावला आड आला म्हणून मेला. आणि ती हाती लागत नाही असे दिसताच तिच्या चेहऱ्यावर वार झाले. जे आपले राहिले नाही ते कोणाच्याही उपयोगाचे राहू नये, ही वृत्ती मालकाची आहे; तिला प्रेम म्हणणाऱ्याने त्या शब्दाची विटंबना केली आहे.

आम्हां धाराशिवकडच्या लोकांना तर हा भेद उमजायला कोणा पंडिताची गरज पडू नये. निजामी अमदानीत आमच्या जिल्ह्याचा पुष्कळसा मुलूख सर्फेखासात मोडत असे. म्हणजे त्याचा वसूल राज्याच्या खजिन्यात न जाता खुद्द निजामाच्या खासगीत जाई, आणि १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर १९४९ साली सर्फेखास दिवाणीत विलीन होईपर्यंत तेथली रयत एका माणसाच्या खासगी दौलतीचा भाग होऊन राहिली. दौलतीवर धन्याचे मन जडलेले असतेच. पण गावाने आपण होऊन त्या दौलतीतून उठून जावे, असा अधिकार कोणत्याही सनदेत लिहिलेला नसतो. मुमताजचे इंदुरातले स्थान असे सर्फेखासातल्या गावासारखे होते. ती उठून गेली, एवढाच तिचा अपराध.

आता इमानी चाकरांच्या अविचाराकडे वळू. खटल्यात आरोपी नऊ होते, आणि ते बाजारातून रोजावर आणलेले गुंड नव्हते. होळकर दरबाराच्या पदरी असलेले सरदार आनंदराव फणसे त्यांत होते, शफी अहमद हा इंदूरच्या घोडेस्वार पोलिसांपैकी होता. अशी माणसे आपापली कामे टाकून परमुलखात येतात, दिवसच्या दिवस मुंबईत मुक्काम ठोकतात, एका स्त्रीच्या हालचालींवर नजर ठेवतात, मोटारीचा बंदोबस्त करतात, आणि हा सगळा खर्च कोणी सोसला, ही रजा कोणी दिली, हा प्रश्न मात्र भक्तिभावाच्या धुक्यात विरून जातो! धन्याच्या दुःखाने विव्हळ झालेला एखादा चाकर एकटा तलवार उपसून धावतो, हे समजू शकते. मोटारी, पिस्तुले आणि पाळत यांची महिनोन्‌महिने जुळवाजुळव करणारा विव्हळपणा मात्र जगात अन्यत्र कोठे आढळलेला नाही.

त्या रात्री तपासाला जे यश आले त्यात योगायोगाचा वाटा फार मोठा होता, हेही नोंदवून ठेवले पाहिजे. गोल्फ खेळून परतणारे काही इंग्रज लष्करी अधिकारी नेमके त्याच रस्त्याने आले. लेफ्टनंट सीगर्ट याने हातातल्या गोल्फच्या काठीनिशी हल्लेखोरांना आडवे घेतले, त्यात त्याला गोळी लागली, पण हल्लेखोरांपैकी काही जागीच सापडले आणि मुमताज वाचली. त्या अधिकाऱ्यांची मोटार दहा मिनिटे उशिरा आली असती तर बावलाचा खून अज्ञात इसमांच्या नावे दप्तरात पडून राहिला असता आणि मुमताज पुन्हा इंदुरातल्या पहाऱ्यात जाऊन पडली असती. पुढे पोलीस कमिशनर केली यांच्या देखरेखीखाली तपास झाला, मुंबई हायकोर्टाच्या सेशन्समध्ये न्यायमूर्ती क्रंप यांच्यापुढे ज्यूरीसह खटला चालला, फणसे यांच्या बचावाला बॅरिस्टर जिना उभे राहिले, आणि मे १९२५ मध्ये तिघांना फाशी, चौघांना जन्मठेप काळे पाणी व दोघांची मुक्तता असा निकाल लागला. या कटाचा उगम इंदूरच्या दिशेला दिसतो, हे न्यायासनाने लपविले नाही. त्या दिशेला नेमके कोण, हे मात्र कोर्टाला सांगता आले नाही, कारण ते विचारण्याचा अधिकारच त्याला नव्हता. संस्थानाधिपती ब्रिटिश हिंदुस्थानच्या कोर्टाच्या कक्षेत येत नसे.

येथे थोडे विषयांतर करून चीन देशात जाऊ, कारण हल्ली तिकडच्या उमरावांच्या वाड्यांतले खून आणि प्रणय यांच्या मालिका आमच्या तालुक्यातली तरुण मुलेमुलीसुद्धा फोनवर रात्र-रात्र पाहत असतात, आणि त्यांतला चतुर न्यायाधिकारी अखेरीस दिवाणखान्यात सर्वांना उभे करून खुन्याचे नाव सांगतो, यावरून त्यांची अशी समजूत होते की प्राचीन चिनी इनसाफ फार निर्भय असावा. या परंपरेतला सर्वांत नामांकित न्यायाधिकारी म्हणजे तांग राजवटीतला दी रेन्‌ज्ये. तो इतिहासात खरोखर होऊन गेला, इ. स. ७०० मध्ये वारला, आणि त्याच्या नावावरच्या जुन्या चिनी तपासकथेचे भाषांतर व्हान ग्युलिक नावाच्या डच मुत्सद्द्याने १९४९ साली प्रसिद्ध केल्यापासून तो पश्चिमेतही लोकप्रिय झाला. परंतु कथेतल्या दीपेक्षा त्याच्या काळचा कायदा अधिक बोलका आहे. इ. स. ६५३ च्या तांग संहितेत ‘आठ विचारणा’ म्हणून एक कलमच आहे: सम्राटाचे आप्त, उच्चपदस्थ, थोर सेवा बजावलेले अशा आठ वर्गांतल्या माणसाने देहान्ताचा अपराध केला, तर सामान्य न्यायाधिकाऱ्याने निवाडा करावयाचा नाही, प्रकरण सिंहासनाकडे रुजू करावयाचे. वाड्याच्या उंबऱ्याशी न्याय अडखळतो ही व्यथा मालिकेच्या लेखकाने कल्पनेने भरून काढली. तिच्या मुळाशी असलेला कायदा बाराशेहून अधिक वर्षांनी, नाव बदलून, सिमल्याच्या दप्तरात पुन्हा अवतरला. १९२० च्या ठरावाने हिंदुस्थान सरकारने ठरविले होते की संस्थानिकावर गंभीर आरोप आला तर व्हाइसरॉयने चौकशी कमिशन नेमावे. तुकोजीरावांपुढे १९२६ च्या आरंभी हाच पर्याय ठेवण्यात आला: कमिशनला सामोरे जा किंवा गादी सोडा. त्यांनी फेब्रुवारी १९२६ मध्ये गादी सोडली, अल्पवयीन पुत्र यशवंतराव गादीवर आले, आणि चौकशी सुरू होण्यापूर्वीच संपली.

यावर पूर्वपक्षाचे सर्वांत वजनदार विधान येते, ते असे की हा सगळा इंग्रजी डावपेच होता. हे विधान सर्वस्वी टाकाऊ नाही. तुकोजीरावांचे वडील शिवाजीराव यांनाही १९०३ साली गादी सोडावी लागली होती. आणि होळकरांचे प्रकरण मिटून महिना लोटतो न लोटतो तोच लॉर्ड रीडिंगने आमच्या निजामाला, वऱ्हाडाच्या वादात, ब्रिटिश सार्वभौमत्वापुढे कोणत्याही संस्थानिकाने बरोबरीची भाषा करू नये असे खडसावणारे पत्र धाडले. कमिशनवर विश्वास का ठेवावा, याचेही उत्तर बडोद्याने देऊन ठेवले होते: १८७५ साली मल्हारराव गायकवाडांवर रेसिडेंट फेअर यांना विष घालण्याच्या आरोपाची चौकशी झाली, कमिशनातल्या तिघा हिंदी सभासदांना, म्हणजे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि दिनकरराव राजवाडे यांना, आरोप सिद्ध झाला असे वाटले नाही, तरी सरकारने गैरकारभाराचे कारण पुढे करून मल्हाररावांना पदच्युत केलेच. तेव्हा होळकरांनी कमिशन नाकारले म्हणजे ते दोषी ठरले, असे मी म्हणणार नाही. पण त्यामुळे ते निर्दोषही ठरत नाहीत. इंग्रजाला जे हवे होते ते एक नमलेले सिंहासन, आणि ते त्याला कमिशनवाचूनच मिळाले. खरे काय घडले हे जाणण्याची उत्सुकता ना सिमल्यास होती, ना इंदुरास. इंग्रजाने संधी साधली, हे कबूल; ती संधी मलबार हिलवर इंग्रजाने निर्माण केली नव्हती, हेही कबूल करा.

आणि ज्यांना मराठी राज्यपरंपरेचा अभिमान आहे त्यांना मी इंदूरऐवजी शनिवारवाड्याची आठवण देईन. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला, रामशास्त्री प्रभुण्यांनी त्याचा शोध घेतला, आणि राज्यावर बसलेल्या राघोबादादांना दोषी ठरवून देहान्त प्रायश्चित्त सांगितले. ते अमलात आले नाही, शास्त्रीबुवा पुणे सोडून गेले. तरी उंबरा ओलांडून नाव घेणारा एक माणूस आपल्याकडे होऊन गेला, आणि अभिमान धरावयाचा तर तो त्याचा धरावा. परंतु तेथेही लोकस्मृतीने काय केले पाहा: शास्त्र्याचा निवाडा राघोबांवर, पण शाप सारे त्यांच्या पत्नी आनंदीबाईला, आणि तेही इतिहासाभ्यासकांनी संशयास्पद ठरविलेल्या एका आख्यायिकेच्या आधारावर. मुमताजच्या वाट्याला हेच आले. खटल्याच्याच वर्षी, १९२५ मध्ये, कोहिनूर कंपनीने होमी मास्टरच्या दिग्दर्शनाखाली या प्रकरणावर बेतलेला ‘कुलीन कांता’ हा मूकपट काढला. खटल्याचे कागद वाळले न वाळले तोच बाजारात प्रणयकथा उभी राहिली, आणि जनतेने साक्षीपुराव्यापेक्षा तिकीट घेणे पसंत केले.

माझा पक्ष असा: बावला खुनाची कथा सांगावयाची असेल तर तिची नायिका एक साक्षीदार स्त्री आहे, जिने चेहऱ्यावर व्रण घेऊन भर न्यायालयात तोंड उघडले, जेव्हा तिला ओळखणाऱ्या किती तरी प्रतिष्ठित माणसांनी ते मिटून घेतले होते. तिचे म्हणणे सर्वच खरे होते असे मी म्हणत नाही. उलटतपासात तिलाही सोडलेले नाही, आणि सोडू नये. पण ज्यांच्या साक्षीच झाल्या नाहीत त्यांच्या मौनाला विरह म्हणावे, आणि जिची झाली तिला कुलटा, हा कोणता तर्क?

कोणी शेवटचा आक्षेप म्हणून १९२८ चा विवाह पुढे करतात. त्या वर्षी तुकोजीरावांनी नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी विवाह केला, डॉ. कुर्तकोटी शंकराचार्यांकडून तिची शुद्धी झाली, ती शर्मिष्ठाबाई झाली, सनातन्यांनी गहजब केला, आणि महाराजांनी तो मानला नाही. असा उदार प्रेमी माणूस सूड कसा घेईल, असे विचारले जाते. त्या विवाहाबद्दल माझी तक्रार नाही. उलट परदेशी, परधर्मी स्त्रीला उघडपणे पत्नीपद देण्यात धैर्यच होते. पण ती स्त्री आपल्या इच्छेने आली होती, आणि आपल्या इच्छेने आलेल्या स्त्रीशी कोणीही चांगला वागू शकतो. मुमताजने जाण्याची इच्छा दाखविली होती, आणि प्रश्न होता तो त्या इच्छेचा. त्याचे उत्तर महाराजांकडून घेण्यास काळाची वाण नव्हती. ते १९७८ पर्यंत हयात होते, आणि तोवर संस्थाने, व्हाइसरॉय, तनखे असे आड येणारे सर्व काही एकामागून एक नाहीसे झालेले होते.