पीक वाढले, गाव ओसरले

शाळेच्या भूगोलात प्रेअरीचा प्रदेश येऊन जातो. गवताळ मैदान, कडक हिवाळा, अफाट शेते, यंत्रांची शेती आणि गहू. परीक्षेत दोन-तीन गुण मिळवून देणारी ही माहिती खोटी नाही; पण तिच्यात माणूस कोठेच नाही. त्या शेतांमध्ये लहान लहान गावे वसली, त्यांनी एकमेकांच्या आधाराने एक सामाजिक जीवन उभे केले आणि ते एका-दोन पिढ्यांत ओसरूनही गेले. त्याविषयी काही विचार मांडण्याचा या लेखाचा हेतू आहे. कॅनडातील सस्कॅचेवान हा प्रांत मी त्यासाठी नजरेपुढे ठेवला आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे: गावाचे गावपण माणसांच्या भोळ्या प्रेमळपणातून येत नाही, ते वाटून घेतलेल्या कामांतून येते. ती कामे हातातून गेली की प्रेम शिल्लक राहूनही गाव शिल्लक राहत नाही.

ही गावे वसली कशी, ते प्रथम पाहू. १८७२ साली कॅनडा सरकारने कायदा करून दहा डॉलर शुल्कात १६० एकर जमीन देऊ केली. अट एवढीच की तेथे राहावे आणि ती कसावी. ही जमीन रिकामी नव्हती. क्री व इतर मूळ रहिवाशांशी १८७४ आणि १८७६ साली करार झाले. ज्यावर त्यांचे जीवन चालत होते ते गव्यांचे कळप नाहीसे झाले आणि त्या लोकांना राखीव क्षेत्रांत जाऊन राहावे लागले. हा इतिहास बाजूला ठेवून प्रेअरीवरील गावांचे कौतुक करणे अप्रामाणिकपणाचे होईल.

पुढे रेल्वे आली. बैल-घोड्यांच्या गाडीतून धान्य घालून शेतकऱ्याला एका दिवसात घरी परतता यावे, अशा बेताने साधारण आठ ते दहा मैलांवर एकेक स्थानक झाले. स्थानकाशेजारी लाकडी, उंच धान्यकोठार उभे राहिले. त्याला तिकडे एलिव्हेटर म्हणतात. सपाट मैदानात ते कित्येक मैलांवरून दिसे. १९३३ साली पश्चिम कॅनडात अशी ५,७५८ कोठारे होती. कोठाराभोवती दुकान, शाळा, चर्च, सभागृह एवढे जमले की झाले गाव. आपल्याकडे घरे एकत्र आणि शेते भोवती असतात. तेथे उलट. शेतकरी आपापल्या शेतात राही, शेजारी अर्ध्या-एक मैलावर, आणि हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस-चाळीस अंश. माणसाला माणूस भेटावा यासाठी सुद्धा तेथे खटपट करावी लागे.

आणि खटपट त्यांनी केलीही. आपल्याकडे सहकार म्हटला की साखर कारखाना डोळ्यांपुढे येतो. तेथे गव्हाचे कोठार येई. व्यापारी भाव पाडतात, मापात फसवतात अशी शेतकऱ्यांची तक्रार जुनीच होती. १९२३ च्या उन्हाळ्यात अ‍ॅरन सपायरो या कॅलिफोर्नियातील वकिलाने सभा गाजवल्या आणि १९२४ साली सस्कॅचेवान व्हीट पूल ही शेतकऱ्यांची संस्था उभी राहिली. गहू एकत्र विकावयाचा आणि पैसे वाटून घ्यावयाचे, असा करार शेतकऱ्यांनी सह्या करून केला. पाच-सहा वर्षांतच जागतिक मंदीने गव्हाचे भाव कोसळले, संस्था जवळजवळ बुडाली आणि सरकारला मदतीला यावे लागले. तरीही तिची कोठारे टिकली आणि सभासदही टिकले. १९३५ साली रेजायना शहरात शेतकऱ्यांनी ट्रॅक्टरच्या इंधनासाठी स्वतःचा तेलशुद्धीकरण कारखाना काढला.

याहून मला महत्त्वाची वाटते ती डॉक्टरची गोष्ट. होल्डफास्ट नावाच्या खेड्याच्या परिसरात सार्निया ही ग्रामीण पालिका आहे. १९१४-१५ च्या सुमारास तेथला डॉक्टर गाव सोडून जाण्याच्या बेतात होता. पालिकेने ठरवले की कराच्या पैशातून त्याला वर्षाला दीड हजार डॉलर द्यावेत आणि ठेवून घ्यावे. १९१६ साली प्रांताने तसा कायदाच केला आणि पुढे अनेक पालिकांनी हा मार्ग धरला. १९४६ साली स्विफ्ट करंट विभागाने सर्व रहिवाशांसाठी वैद्यकीय विमा सुरू केला. मग टॉमी डग्लस या मुख्यमंत्र्याच्या पक्षाने १ जुलै १९६२ रोजी ती सोय संपूर्ण प्रांताला लागू केली. डॉक्टरांनी २३ दिवस संप केला, पण योजना राहिली. १९६६ साली केंद्रीय कायदा झाला आणि काही वर्षांत सारा देश तिच्याखाली आला. ज्या आरोग्यव्यवस्थेचा कॅनडाच्या नागरिकाला अभिमान वाटतो, तिचे एक मूळ असे एका खेड्यातील पालिकेच्या बैठकीत सापडते.

हे कसे घडले? सेमूर मार्टिन लिप्सेट या समाजशास्त्रज्ञाने या प्रांताचा अभ्यास करून १९५० साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या ध्यानात आलेली गोष्ट अशी की कोठार समिती, शाळा मंडळ, टेलिफोन कंपनी, रुग्णालय, पालिका अशा संस्थांतील पदे इतकी होती की दर दोन-तीन शेतकऱ्यांमागे एक पद येई. म्हणजे जवळजवळ प्रत्येक घरात कोणी ना कोणी हिशेब ठेवीत होते, बैठकीला जात होते, मतभेद सहन करीत होते. बर्फाचे क्रीडांगण गावकरीच राखीत. सुगी संपली की सभागृहात गावजेवण होई. युक्रेनी घरातून कोबीच्या पानांत भात भरून केलेल्या वळकट्या येत, दुसऱ्या घरातून भोपळ्याचे गोड पक्वान्न येई. हे जेवण आजही अनेक गावांत होते. पण खरा पाया जेवण नव्हे. ते कोण रांधणार, कोण वाढणार आणि भांडी कोण घासणार याची यादी, हा पाया होता.

मात्र ही यादी सर्वांसाठी खुली नव्हती, हेही सांगितले पाहिजे. त्या काळी बहुतेक गावांत एक चिनी माणसाचे उपाहारगृह असे. सारे गाव तेथे बसून कॉफी पिई. पण त्याच माणसाला कॅनडात येण्यासाठी डोईपट्टी भरावी लागली होती आणि १९२३ ते १९४७ या काळात चिनी लोकांना देशात येण्यास जवळजवळ बंदीच होती. बायकोमुले दूर चीनमध्ये आणि हा येथे एकटा. चिनी मालकाने गोऱ्या स्त्रीला नोकरीस ठेवू नये, असा कायदा याच प्रांताने १९१२ साली केला. १९२० नंतरच्या दशकाअखेर कू क्लक्स क्लॅनच्या सभांनाही या गावांतून गर्दी झाली. ज्यांचा सहकार आदर्श वाटावा तीच ही माणसे. एकत्र येणे म्हणजे आपोआप न्यायी होणे नव्हे, एवढा धडा यातून घ्यावा.

आता ओसरण्याकडे वळू. १९३६ साली सस्कॅचेवानात १,४२,३९१ शेते होती. २०२१ च्या गणनेत ती ३४,१२८ उरली आणि सरासरी शेत १,७६६ एकरांचे झाले. यंत्र मोठे झाले, पीक वाढले, माणूस कमी लागू लागला. १८९७ च्या करारापासून धान्याला रेल्वेभाड्यात जी सवलत होती, तिचा शेवटचा अवशेष १९९५ साली संपला. फाट्यांचे रूळ उखडले गेले, लाकडी कोठारे पाडली गेली आणि त्यांची जागा दूरदूरच्या मोजक्या काँक्रीटच्या कोठारांनी घेतली. १९९३ साली प्रांत सरकारने ५२ ग्रामीण रुग्णालये रुग्णालय म्हणून चालविणे बंद केले. ते सरकार डग्लसच्याच परंपरेतील पक्षाचे होते. व्हीट पूलचे भाग १९९६ साली शेअरबाजारात आले, २००७ साली ती व्हिटेरा नावाची कंपनी झाली, २०१२ साली ग्लेनकोर या परदेशी कंपनीने ती घेतली आणि २०२५ साली ती बंगे या धान्यव्यापारी कंपनीत विलीन झाली. आजोबांनी सही करून उभी केलेली संस्था नातवाच्या दृष्टीने केवळ गिऱ्हाईक म्हणून जाण्याचे ठिकाण उरली.

या बदलाचा एक धागा आपल्या ताटापर्यंत येतो. सवलत गेल्यावर गहू दूर बंदरापर्यंत धाडणे महाग झाले आणि शेतकरी इतर पिकांकडे अधिक वळले. सस्कॅटूनच्या विद्यापीठात मसुरावर संशोधन आधीच झाले होते. १९७८ साली लेयर्ड नावाचे वाण निघाले होते. आज भारतात आयात होणाऱ्या मसुरात कॅनडाचा वाटा मोठा असतो आणि तेथील मसूर मुख्यतः याच प्रांतात पिकतो. २०१७ च्या अखेरीस भारत सरकारने वाटाणा आणि मसुरावर आयातकर बसवला, तेव्हा त्याची झळ तिकडच्या शेतकऱ्याला लागली. एके काळी जो भाव ठरविण्यासाठी तो शेजाऱ्यांसह बैठकीला बसे, तो आता दिल्लीतील एका अधिसूचनेने हलतो, आणि अधिसूचनेपुढे त्याचे बैठकीतील मत उपयोगाचे नाही.

यावर अर्थशास्त्राचे आमचे मित्र म्हणतील, गाडीच्या अंतरावर वसलेली गावे मोटार आल्यावर जाणारच, रडायचे कशाला? कोठारांपुरते हे मला मान्य आहे. ८० फूट उंच लाकडी कोठार केवळ सुंदर दिसते म्हणून ठेवावे, असे मी म्हणणार नाही. परंतु सारेच अटळ होते हे मला पटत नाही. रुग्णालये वाऱ्याने बंद पडली नाहीत, ती निर्णयाने बंद झाली. संस्थेचे भाग बाजारात नेण्याचे कोणीतरी ठरविले. आणि त्याच प्रांताच्या नैऋत्य भागात २००४ साली शेतकऱ्यांनी व स्थानिक पालिकांनी मिळून ग्रेट वेस्टर्न नावाचा रेल्वेमार्ग विकत घेतला व चालू ठेवला, हेही घडलेच. जेथे काम पुन्हा हाती घेतले गेले तेथे काही टिकले.

आपल्यापैकी अनेकजण खेड्यांतून शिकावयास आले आहेत. कवितेत, वक्तृत्वस्पर्धेत आपण गावाविषयी गहिवरून बोलतो. ग्रामसभेला मात्र सुटीतही जात नाही. प्रेअरीवरील लोकांचे गावावर प्रेम कमी झाले होते असे मला वाटत नाही. त्यांच्या हातून कामे गेली. काही यंत्राने नेली, काही सरकारने, काही कंपनीने, आणि काही त्यांनीच सोयीसाठी सोडून दिली. गावाची प्रकृती पाहावयाची असेल तर तेथील माणसे किती प्रेमळ आहेत हे विचारू नये. शाळेच्या समितीवर कोण आहे, सोसायटीचा हिशेब कोण तपासतो आणि पुढच्या वर्षी ही कामे कोण घेणार आहे, हे विचारावे. शेवटच्या प्रश्नाला उत्तर देणारा आपल्या घरात कोणी नसेल, तर गहिवर आवरून आधी ग्रामसभेच्या पुढील बैठकीची तारीख विचारून घ्यावी.