समुद्र तापतो, पंचगंगा चढते

पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांवर गेले की इशारा पातळी, ४३ फुटांवर गेले की धोका पातळी. २०१९ आणि २०२१ साली ते ५५ फुटांच्याही पुढे गेले. लगेच नेहमीचे शब्द कानी आले : निसर्गाचा कोप, अस्मानी संकट! आम्हाला हे शब्द मान्य नाहीत. कोपाला जाब विचारता येत नाही. कारण शोधले की जबाबदारही सापडतो.

कारण काय? कोळसा आणि तेल जाळल्यामुळे पृथ्वीवर जी जादा उष्णता अडकली, तिचा ९० टक्क्यांहून अधिक भाग समुद्राने पोटात घेतला. समुद्र तापला की वाफ वाढते. हवा एक अंशाने तापली की सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते. नैर्ऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरचे हे बाष्प घेऊन सह्याद्रीला धडकतात आणि राधानगरी, गगनबावड्याच्या डोंगरात रिते होतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. त्यामागे अरबी समुद्रावरून येणारे बाष्प होते.

समुद्र केवळ बुडवतो असे नाही, तो सुकवतोही. २०२३ साली प्रशांत महासागर तापून एल निनो आला. त्या वर्षीचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. पुरात सापडणाऱ्या याच जिल्ह्यातील हातकणंगले आणि गडहिंग्लज तालुके दुष्काळी यादीत गेले.

मात्र सारे खापर समुद्रावर फोडून सुटता येणार नाही. पाऊस समुद्र पाठवतो. पूररेषेत बांधकामाची परवानगी समुद्र देत नाही. धरणातून पाणी कधी सोडायचे हे माणसेच ठरवतात.

आणि बुडतो कोण? पीकनुकसानीची मदत सातबारा बघून, हेक्टरी हिशेबाने मिळते. ज्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, त्या शेतमजुराची महिनाभराची बुडालेली मजुरी कोणत्या पंचनाम्यात लिहिली जाते? गावाने ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या सखल, टाकाऊ जागा दिली, त्यांच्याच घरात पाणी आधी शिरते. समुद्र तापवण्यात या माणसांचा वाटा किती?

हा दयेचा प्रश्न नाही, हक्काचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली रणजितसिंह खटल्यात स्पष्ट केले, की हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क संविधानाच्या कलम १४ आणि २१ मध्येच आहे. मग शासनाने बुडालेली मजुरी नुकसान म्हणून नोंदवावी, सखल वस्त्यांना उंचावर हक्काची जागा द्यावी आणि पूररेषेतील परवानग्या जाहीर कराव्यात. पुढचा पावसाळा थांबणार नाही. आपणही अर्ज, निवेदन आणि गरज पडल्यास याचिका घेऊन त्याच्या आधीच दारात उभे राहिले पाहिजे!