ना दुचाकी, ना मोटार

आषाढांतल्या एका सायंकाळीं वरस्यास घरच्या ओसरीवर बसलों होतों. पाऊस कोंकणास शोभेल असाच कोसळत होता. इतक्यांत चिरंजीवांची दुचाकी अंगणांत शिरली. पुढें उभा नातू, मध्यें चिरंजीव, मागें सूनबाई व त्यांच्या कुशींत धाकटी नात. नातीस रोह्याच्या डॉक्टरांस दाखवून मंडळी परतलीं होतीं. औषधाची पुडी प्लॅस्टिकच्या पिशवींत कोरडी राहिली होती; पोर मात्र नखशिखांत भिजली होती. त्या रात्रीं तिचा ताप उतरण्याऐवजीं वाढला.

कायद्याप्रमाणें दुचाकीवर चालकाखेरीज एकच माणूस बसावयाचें. हें चिरंजीवांस ठाऊक नाहीं असें नाहीं. परंतु मोटार परवडत नाहीं, रिक्षा हवी तेव्हां मिळत नाहीं, आणि पोरीस घरीं ठेवून तिची नाडी डॉक्टरांकडे नेतां येत नाहीं!

असेंच एक कुटुंब पावसांत स्कूटरवरून जातांना रतन टाटा यांनीं पाहिलें, व त्यांतून नॅनोची कल्पना निघाली, ही हकीकत त्यांनीं स्वतःच सांगितली आहे. २००८ सालीं त्यांनीं एक लाख रुपयांची म्हणून ती गाडी लोकांपुढें आणली. २०१८ सालीं तिचें उत्पादन थांबलें. तें कां, याकडे शेवटीं वळूं.

नॅनो कितीही लहान असली तरी कायद्याच्या दृष्टीनें मोटारच होती. याहून निराळा प्रयत्न बजाज कंपनीनें केला. जानेवारी २०१२ मध्यें दिल्लीच्या प्रदर्शनांत तिनें एक चिमुकली चारचाकी मांडली. तिलाच पुढें ‘क्यूट’ हें नांव मिळालें. ही आपल्याच महाराष्ट्रांत, छत्रपती संभाजीनगरजवळील वाळूजच्या कारखान्यांत तयार झाली. एंजिन मोटारसायकलीएवढें, म्हणजे २१६ घनसेंटिमीटरचें. वेगाची सीमा ताशीं ७० किलोमीटर. चालकासह चार माणसांस जागा, चार दारें, आणि मुख्य म्हणजे डोक्यावर पक्कें छप्पर.

गाडी सिद्ध झाली, पण कायद्यांत तिला नांवच नव्हतें. हिरण्यकशिपूनें वर मागतांना मनुष्य मोजला, पशु मोजला. खांबांतून निघाला तो दोन्हींच्या मधला. आमच्या वाहनांच्या कायद्याचीहि अशीच त्रेधा उडाली. ही दुचाकी नव्हे, रिक्षा नव्हे, मोटारहि नव्हे. मग हिला बसवावयाचें कोणत्या पंक्तींत? न्यायालयांतून दावे चालले. तोंवर ती परदेशीं विकली जाऊं लागली. अखेर तिच्यासाठीं ‘क्वाड्रिसायकल’ असा वर्ग ठरला. घरगुती वापराची मोकळीक २०१८ सालीं मिळाली आणि २०१९ च्या एप्रिलांत ती महाराष्ट्रांत विक्रीस आली. किंमत मात्र तोंवर सुमारें अडीच लाखांवर गेली होती.

जपाननें याच्या उलट क्रम धरला. युद्धांत होरपळलेल्या त्या देशानें १९४९ सालींच ‘केई’, म्हणजे हलक्या, गाड्यांचा वर्ग कायद्यांत घातला. आधीं चौकट आंखली, मग कारखानदारांनीं तींत बसतील अशा गाड्या बनविल्या. कर कमी, आकार बेताचा. आज तेथील अरुंद गल्ल्यांतून व खेड्यापाड्यांतून वृद्ध माणसेंसुद्धां त्या चालवितात. आमच्याकडे गाडीनें सहा वर्षें नांवाची वाट पाहिली.

येथें दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. युरोपांत २०१६ सालीं अशा गाड्या मुद्दाम धडकवून पाहिल्या, तेव्हां क्यूटला पांचांपैकीं एकच तारा मिळाला. म्हणजे महामार्गावर भरधाव मालमोटारींमध्यें ती घालणें हें शहाणपण नव्हे. परंतु तुलना कोणाशीं करावयाची? भक्कम मोटारीशीं केली तर ती उणी ठरते, यांत शंका नाहीं. ज्या कुटुंबापुढें प्रश्न मोटारीचा नसून एका दुचाकीवर चौघें बसण्याचा आहे, त्यानें तुलना त्या दुचाकीशींच केली पाहिजे. घर ते बाजार, बाजार ते दवाखाना एवढ्या सावकाश प्रवासापुरतें पाहिलें, तर छप्पर आणि चार चाकें ही कांहीं क्षुल्लक गोष्ट नव्हे.

आतां नॅनोकडे वळतों. तिच्या अपयशाचीं कारणें अनेक असतील. पण ‘सर्वांत स्वस्त मोटार’ ही तिची ख्यातीच तिला बाधली, असें टाटांनीं स्वतःच पुढें बोलून दाखविलें. स्वस्त वस्तु सर्वांस हवी असते. स्वस्त वस्तूंत बसलेलें दिसणें कोणासच नको असतें.

मीं तरी निराळें काय केलें? २०१९ सालीं चिरंजीवांनीं क्यूटचें चित्र मला दाखविलें होतें. थोडें कर्ज काढून घ्यावी, असा त्यांचा विचार होता. चष्मा वर करून मी म्हणालों, “ही तर रिक्षेला दारें लावलेली दिसते. लोक काय म्हणतील?” चिरंजीव कांहीं बोलले नाहींत. विषय तेथेंच संपला.

त्या आषाढांतल्या रात्रीं नातीच्या कपाळावर पट्ट्या ठेवतांना माझेंच वाक्य मला आठवलें. सुदैवानें पोर तीन दिवसांत बरी झाली. कायद्याची अडचण सरकारनें उशिरां कां होईना दूर केली होती. आमच्या घरची अडचण मात्र ओसरीवर चष्मा लावून बसली होती. ती दूर करण्यास कोणत्याहि न्यायालयाची आवश्यकता नव्हती.