फिरतीवरची सवड

मैत्रिणींनो, ‘ह्यां’ची फिरती डहाणू-तलासरीला निघाली नि तुम्ही सोबत गेलात, तर ते कामात असताना लॉजवर कंटाळत बसू नका. चित्रं बघायला म्युझियमच कशाला हवं? लग्नाचे दिवस असतील तर ओळखीच्या वारली घरी, त्यांना विचारून, लग्नचौक बघा. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने रेखलेला. मधोमध पालघट देवी. तो लिहिण्याचा मान सवाशिणींचा, बरं का! डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी १९७० च्या दशकात ही कला कागदावर आणली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, ते योग्यच झालं. पण पिढ्यान्‌पिढ्या चौक लिहिणाऱ्या बायकांची नावं कुणी टिपली? एखादीकडून चित्र घेतलंत तर घासाघीस करू नका, आणि मागच्या बाजूला तिचं नाव-गाव आठवणीने लिहून घ्या.