ती अशी का वागली?

गेल्या महिन्यात भाची आमच्याकडे राहायला आली होती. कॉलेजच्या एकांकिकेत तिला मोलकरणीचं काम होतं. वाक्यं मोजून नऊ. पण त्यासाठी बाईसाहेबांनी चक्क शंभर पानी वही केली होती! हिचं गाव कोणतं? शाळा कितवीत सुटली? आल्याबरोबर आधी पदर खोचते की घड्याळ बघते? मालकिणीकडून तिला आज काय हवंय? ते मिळायच्या आड काय येतंय?

मी हसले. म्हटलं, "अगं, नऊ वाक्यांसाठी एवढा खटाटोप?"

"मावशी, नऊ वाक्यं नाटकात आहेत. तिचं बाकीचं आयुष्य मला माहीत नको?"

मला माझं कॉलेज आठवलं. बी.ए.च्या शेवटच्या वर्षी स्नेहसंमेलनात मी 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधलं लीला बेणारेचं स्वगत केलं होतं. विजय तेंडुलकरांच्या या नाटकात १९६७ साली सुलभा देशपांडे यांनी बेणारे उभी केली आणि ती भूमिका मराठी रंगभूमीवर कायमची नोंदली गेली. मी काय केलं? स्वगत घोकलं आणि धाय मोकलून रडले. टाळ्याही पडल्या. बसवणारे सर मात्र म्हणाले, "रडलीस छान. पण ही बाई पहिल्या अंकात एवढी हसते का, ते शोधलंस?"

नव्हतं शोधलं. नंतर नाटक पुन्हा वाचलं तेव्हा उमगलं. बेणारे अविवाहित आहे, पोटात मूल आहे, शाळेत चौकशी लागलीय. मुलाला बापाचं नाव मिळावं म्हणून तिने कुणाकुणापुढे पदर पसरलाय. तिचं ते हसणं, चेष्टा करणं हे सगळं झाकण आहे. हे ज्या नटीला कळलं तिचंच शेवटचं स्वगत खरं होणार. नाहीतर नुसतंच रडणं!

रशियात १८९८ साली मॉस्को आर्ट थिएटर सुरू करणाऱ्यांपैकी एक असलेल्या स्तानिस्लाव्हस्कींनी नटांना हीच शिस्त लावली. मी कोण, कुठे आहे, मला काय हवंय, वाटेत अडथळा कोणता? आणि सगळ्यात मोठा शब्द म्हणजे 'जर'. 'मी जर या परिस्थितीत असते तर...' इथे परिस्थिती तिची घ्यायची, आपल्या सोयीची नाही.

भाची गेली, पण तिची वही डोक्यातून जाईना. त्याला कारणही तसंच होतं. मी आठवड्यातून दोन दिवस वस्तीतल्या समुपदेशन केंद्रात जाते. तिथे येणाऱ्या एका बाईने नवऱ्याविरुद्धची तक्रार दोनदा मागे घेतली. तिसऱ्यांदा आली तेव्हा मी चिडून म्हणाले, "तुलाच मार खायची हौस आहे का गं?" ती काही बोलली नाही. उठून गेली, ती पुन्हा आलीच नाही.

एका दुपारी मी कोरा कागद घेतला आणि भाचीसारखे प्रश्न लिहिले. हिचं माहेर कुठे? घर कुणाच्या नावावर? हिला आज काय हवंय? निम्म्याहून अधिक प्रश्नांपुढे जागा कोरीच राहिली. चार महिने ती माझ्यासमोर बसत होती! तिच्या अंगावरचे वळ मी बघितले, पण तिला नीट ओळखलंच नव्हतं.

मग तिच्या घरी गेले. आधी माफी मागितली. चहा झाल्यावर ती हळूहळू बोलली. माहेरी एका खोलीत भाऊ, भावजय आणि तीन पोरं. हे घर सासूच्या नावावर. मुलीची दहावी. "तक्रार पुढे नेली तर घराबाहेर काढतील ताई, पोरीला घेऊन कुठं जाऊ?" म्हणजे घोडं इथे अडलं होतं! खरं तर २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क मागता येतो. घर सासरच्यांच्या नावावर असलं तरी मागता येतो, हे सर्वोच्च न्यायालयानेही २०२० साली सांगितलंय. हे मला ठाऊक होतं. तिला मात्र मी ते कधी सांगितलंच नव्हतं. कारण 'का' हे विचारण्याआधीच मी निकाल देऊन मोकळी झाले होते.

कुणी म्हणेल, असं सगळ्यांचं 'का' समजून घेत बसलं तर मारणाऱ्या नवऱ्यालाही माफ करायचं का? मुळीच नाही. 'सामना' (१९७५) मधला निळू फुल्यांचा हिंदूराव पाटील आठवा. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात घडलेला हा माणूस. त्यांनी सत्तेची गुर्मी इतकी आतून समजून घेतली की पडद्यावर ती बघताना अंगावर काटा येतो. म्हणून काही त्यांनी तिची बाजू घेतली नाही. उलट, दुष्टपणा कसा चालतो हे आपल्याला लख्ख दिसलं. समजून घेणं वेगळं आणि पाठीशी घालणं वेगळं.

आपण बायका मात्र एकमेकींचे निकाल फार पटकन लावतो. 'सून माणूसघाणी आहे', 'शेजारीण आगाऊ आहे', 'हिलाच सोडायचं नाहीये'. नट नऊ वाक्यांच्या भूमिकेसाठी वही भरतो. आपल्यासमोर तर अख्खं माणूस असतं. त्याच्यासाठी चार प्रश्न तरी विचारायला काय हरकत आहे?

परवा ती बाई केंद्रात आली. म्हणाली, "ताई, पेपर संपू देत, मग अर्ज लिहू. पण घराचं ते कलम मला परत एकदा सांगा."

या वेळी मी आधी तिला बसायला खुर्ची दिली, आणि विचारलं, "मुलीचा अभ्यास कसा चाललाय?"